शिकार न करणारं मांजर

देवगोंडा मगदूम आमचे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या परसात एकच भिंत, तीही छातीइतकी. तरीसुद्धा त्यांनी मला पत्र धाडलं ते पोस्टानं. पाकिटावर तिकीट लावलं, माझा सगळा पत्ता घातला, 'जयसिंगपूर'खाली रेघ ओढली. पोस्टमननं त्यांच्याच फाटकावरून सायकल आणून ते माझ्या हातात दिलं. एकोणीस वर्षं झाली. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

उत्तर न देणं आमच्यात बसत नाही. पर्युषणाचे दहा दिवस उपास, पूजा, प्रवचनं झाली की क्षमावणी येते. त्या दिवशी जैन माणूस लहानथोर सगळ्यांची क्षमा मागतो. समोर असेल त्याला हात जोडतो, लांब असेल त्याला पत्र लिहितो. ज्याला पत्र आलं त्यानं उलट टपाली क्षमा करायची आणि स्वतःचीही मागायची, हा शिरस्ता. माझे वडील बांधावरून दावा चालू असलेल्या भावकीलाही दर वर्षी न चुकता कार्ड टाकत आणि तारखेला कोर्टातही जात.

लोकांना वाटलं, अकिवाट्यांच्या मनात अढी आहे. मी वाटू दिलं. अढी होतीच. पण उत्तर न देण्याचं कारण ते नव्हतं.

त्या वर्षी जानेवारीतल्या एका सकाळी मगदूम साहेब वाचनालयात आले. मी तिथं ग्रंथपाल होतो. साहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कुठेही बोलले तरी धरणाच्या भिंतीवर उभं राहून बोलल्यासारखे बोलत. वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघातिघांनी माना वर केल्या.

"अकिवाटे, आहात का?"

"आहे, साहेब."

"ही आमची नात. चेलना. नमस्कार कर गं अण्णा आजोबांना."

दहा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्यांची मुलगी. दोनच महिन्यांपूर्वी पुण्याहून आजोळी आली होती. आईवडील वेगळे झाले होते, ते कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"हिला मांजर पाहिजे," साहेब म्हणाले. हिला विहिरीत उडी टाकायची आहे, अशा सुरात. "पुण्यात होतं एक. बापानं देऊन टाकलं कुणाला तरी. तेव्हापासून धड जेवत नाही. आमच्या मंडळींचं म्हणणं, आणा. मी म्हटलं, आणतो. पण एक अट."

"काय?"

"शिकार न करणारं पाहिजे."

"मांजर?"

"मांजरच. उंदीर, चिमणी, पाल, कशालाही पंजा लावता कामा नये. जैनाच्या घरात हिंसक जनावर मला चालायचं नाही. तुम्हाला माहीतच आहे की."

मला माहीत होतं.

साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली. "पुण्यात एक बाई जातिवंत मांजरं विकतात. हिच्या आजीला दमा, म्हणून आखूड केसांचंच पाहिजे. तशी दोन जातींची पिल्लं आहेत त्यांच्याकडे. एक हे ब्रिटिश शॉर्टहेअर. आणि दुसरं ॲबि... ॲबि... हे बघा, लिहून आणलंय. बाई म्हणतात दोन्ही चांगली. विकणारा म्हणणारच. तुम्ही पुस्तकात बघा आणि सांगा, गरीब स्वभावाचं कुठलं. तुमच्या शब्दावर आणतो."

"मी... बघून सांगतो."

"नीट बघा हं, आजोबा," चेलना पहिल्यांदाच बोलली. "जे नुसतं मांडीवर बसतं ना, ते."

"मांडीवर बसणारं जनावर पुष्कळ बघितलंय मी खात्यात," साहेब म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मुलगीही हसली. मीही हसलो असेन. मला त्यांच्यासमोर नेहमी हसू यायचं. भित्र्या माणसाचं असतं तसं.

आता सोनीचं सांगायला हवं.

सोनी ही कुणाची नव्हती. पिवळसर, एका कानाचा तुकडा गेलेली गावठी मांजरी. माझी पत्नी राजमती तिला परसदारी दूधभात घालायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी सकाळी नऊला जायचो तो दिवे लागायच्या आधी जेवायला यायचो. जेवण सूर्यास्ताआधी, म्हणून तेवढी सवड. मधला सगळा वेळ राजमती आणि सोनी. साहेब भिंतीवरून ऐकवायचे, "वहिनी, मांजर पाळणं आपल्या धर्मात दोष आहे. उंदीर ते मारणार, पाप तुमच्या पदरात." राजमती म्हणायची, "भावजी, मी पाळत नाही, ती येते."

मग राजमतीला मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. बावीस दिवस. घरी आणली तेव्हा सोनी नव्हती.

आमच्याकडे मांजर कुणी मारत नाही. सोडून येतात. पोत्यात घालतात, तोंड बांधतात, दिशा कळू नये म्हणून पोतं सात वेळा गरगर फिरवतात आणि नदीपलीकडे नेऊन मोकळं करतात. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही म्हणतात. दूधवाल्या आप्पानं मला सांगितलं, "साहेबांच्या स्कूटरला पोतं बघितलं मी. अंकलीच्या पुलावर. हलत होतं की पोतं."

मी साहेबांना काही विचारलं नाही. विचारायचे शब्द जुळवत राहिलो आणि वेळ गेली. राजमतीनं विचारलं, भिंतीवरून. साहेब म्हणाले, "गेलं असेल कुठंतरी. मांजराची जात बेइमान." मी तेव्हा दारामागे उभा होतो.

त्यानंतर आठ महिने राजमती रोज पायरीवर वाटी घेऊन बसायची आणि हाक मारायची. मोठ्यानं नाही, तिला जमेल तेवढ्या आवाजात. मग ती गेली. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं ते किडनीचं. ते खरंही असेल. पण मी डॉक्टर नव्हतो, आणि मला ते कारण पटवून घ्यायचं नव्हतं.

सहा वर्षं मी भिंतीपलीकडच्या माणसाला "नमस्कार साहेब" म्हणत होतो.

तर, चिठ्ठी देऊन ते दोघं गेले. दुपारी वाचनालय बंद असताना मी कपाटातून पाळीव प्राण्यांवरचा जाड इंग्रजी ग्रंथ काढला. कुणा डॉक्टरांनी जाताना भेट दिलेला, चित्रं उत्तम. मांजरांची पानं शोधायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

ब्रिटिश शॉर्टहेअर. गोल तोंडाचं, निळसर राखी, भरलेल्या अंगाचं. शांत, समंजस, मुलांत राहणारं. फार धावपळ करत नाही. खाऊन एका जागी बसून राहणं पसंत. कुटुंबासाठी उत्तम. लिहिणाऱ्यानं जणू चेलनासाठीच ते पान लिहिलं होतं.

समोरच्या पानावर ॲबिसिनियन. सडपातळ, मोठ्या कानांचं, हरणाच्या रंगाचं. देखणं. अतिशय चपळ, उंच चढणारं, क्षणभर स्वस्थ न बसणारं. शिकारीची ओढ तीव्र. त्या वाक्यावर मी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

वाचकानं काही विचारलं की उत्तर एका कार्डावर लिहून द्यायचं आणि खाली पुस्तकाचा क्रमांक घालायचा, ही माझी पद्धत. तोंडी उत्तर हवेत जातं. बत्तीस वर्षांत अशी हजारो कार्डं मी लिहिली. कुणाला कांद्याच्या रोगावर, कुणाला पत्रिकेवर, कुणाला कोर्टाच्या कलमावर. ज्याचं उत्तर सापडलं नाही त्यावर 'सापडलं नाही' असं लिहून दिलं. आयुष्यात दुसरं काही धड केलं की नाही, शंका आहे. पण माझ्या कार्डावर कुणी शंका घ्यावी असं कधी घडलं नव्हतं.

मी पेन उघडलं आणि दोन पानांची अदलाबदल केली. ब्रिटिश मांजराच्या नावापुढे ॲबिसिनियनचा स्वभाव लिहिला, ॲबिसिनियनपुढे ब्रिटिशचा. 'शिकारीची वृत्ती जवळजवळ नाही.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. खाली ग्रंथाचा क्रमांक घातला, तो मात्र खरा.

मला साहेबांच्या दारात मेलेलं काहीतरी पाहिजे होतं. याहून सभ्य शब्दांत ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी चेलनाच एकटी आली. कार्ड वाचलं, ओठ हलवत.

"म्हणजे निळं नाही?"

"नाही."

"मला निळंच वाटलं होतं. गोल तोंडाचं. गरीब दिसतं ना ते?"

"दिसण्यावर जाऊ नये, बाळ."

"चित्र दाखवा ना, आजोबा."

"पुस्तक बांधणीला गेलंय."

ते माझ्या मागच्या कपाटावर होतं, सुतळीनं बांधलेलं. तिनं कार्ड कंपासपेटीत ठेवलं आणि म्हणाली, "मी जपून ठेवते."

फेब्रुवारीत पिल्लू आलं. चेलनानं त्याचं नाव केशर ठेवलं, रंगावरून. तिसऱ्या दिवशी साहेबांची हाक भिंतीवरून आली, "अकिवाटे! मानलं बुवा तुमच्या पुस्तकाला. नुसतं मांडीवर असतंय. काल माझ्या मांडीवर येऊन झोपलं. मी कागद वाचत होतो, उठता येईना!"

"पिल्लू आहे अजून," मी म्हणालो.

"मोठं झाल्यावर आणखी सुस्त होणार म्हणा की."

चेलना जेवू लागली. ते मला दिसत होतं. भिंतीपलीकडून तिचा आवाज येऊ लागला, आधी मांजराशी, मग आजीशी, मग येणाऱ्याजाणाऱ्याशी. माझं मन त्यानं वळायला हवं होतं. नाही वळलं. मी रोज सकाळी परसात उभा राहून त्यांच्या पायरीकडे बघायचो, एखादं पीस, एखादी शेपटी. काही नाही. मेपर्यंत केशर लांब पायांची, डौलदार झाली. बिबट्यासारखी भिंतीवरून चालायची, आणि खायची दूधभात आणि तुपातली चपाती. त्या घरात दुसरं काय मिळणार? मला वाटू लागलं, पुस्तकच चुकीचं होतं. पुस्तक चुकीचं निघावं याचं दुःख मला पहिल्यांदा अशा कारणासाठी झालं.

मग मी पाखरांना दाणे घालायला सुरुवात केली.

आमच्यात ते पुण्याचं काम. आधी मी ज्वारी गच्चीवर घातली. चिमण्या आल्या, होले आले. आठवड्यानं दाणे गच्चीच्या कठड्यावर आणले. मग दोघांमधल्या भिंतीवर. मग भिंतीच्या बुंध्याशी, त्यांच्या बाजूला जाईचं दाट झुडूप होतं त्याच्या अगदी लगत, जिथं वरून काही दिसत नाही. प्रत्येक वेळी मी पाखरांना सवय होऊ दिली. घाई केली नाही.

साहेबांच्या पत्नी, सुलोचनावहिनी, एकदा धुणं वाळत घालताना म्हणाल्या, "अण्णा, राजमतीच्या नावानं घालता का दाणे?"

मी मान हलवली.

"पुण्य लागेल हो तुम्हाला. ती असती तर तिनंही घातले असते."

झुडपाखाली केशरचे कान दिसत होते. हलत नव्हते.

पहिली चिमणी जुलैत गेली. ती केशरनं झुडपातच संपवली आणि पिसं मी उचलली, कारण एकदोन पिसं चेलनाला दिसली असती तर तिनं केशरला बांधून ठेवलं असतं. मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. मला माणसं हवी होती बघायला.

पर्युषण आलं. सुलोचनावहिनींनी दहाही दिवसांचे उपास धरले, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. पौर्णिमेला पारणं. सकाळी त्यांच्या घरी पंचवीसएक बायका जमल्या, पुरुष व्हरांड्यात. वहिनींना पाटावर बसवलं होतं, हिरवं लुगडं, चेहरा कागदासारखा. साहेबांनी स्वतःच्या हातानं मुगाच्या पाण्याची वाटी त्यांच्या ओठाला लावली. मी व्हरांड्यातून बघत होतो. त्या सकाळी मी दाणे नेहमीच्या दुप्पट घातले होते.

वहिनींनी पहिला घोट घेतला आणि केशर खिडकीतून आत आली. तोंडात होला होता. एक पंख उघडा, फडफडत. ती सरळ बायकांमधून चालत गेली आणि तिनं तो पाटासमोर ठेवला. मांजर आवडत्या माणसाला आणून देतं तसा. होल्याचं डोकं एकदा वर झालं आणि पडलं.

"अगं बाई! पारण्याच्या पाटावर!"

"जीव आहे, जीव आहे अजून... नाही, गेला."

"जैनाच्या घरात हे असलं आणलंच कशाला म्हणते मी!"

"साहेबांनीच आणलं की पुण्याहून. पैसे मोजून," मागून कुणीतरी म्हणालं.

वहिनींनी वाटी खाली ठेवली. व्रत करणाऱ्यानं जेवताना हिंसा पाहिली की तो अंतराय. घास टाकायचा आणि त्या दिवशी परत काही घ्यायचं नाही. कुणीतरी म्हणालं, "निदान पाणी तरी घ्या, वहिनी." त्या "नको" म्हणाल्या. म्हणजे अकरावा उपास. उठताना त्यांचा तोल गेला आणि दोघीतिघींनी त्यांना धरलं.

मी साहेबांचा चेहरा बघत होतो. इतकी वर्षं मला तो बघायचा होता. आवाज गेला होता त्यांचा. बायका एकेक करून पदर सावरत बाहेर पडत होत्या, आणि त्यांच्या दारात मेलेलं पाखरू होतं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. ते मी लपवत नाही.

तासाभरानं साहेब माझ्या फाटकाशी आले. हातात पोतं, तोंड बांधलेलं. पोतं हलत होतं. मागे चेलना, त्यांच्या सदऱ्याला धरून.

"आजोबा, नको ना! परत नाही करणार ती! मी बांधून ठेवीन!"

"सोड, चेलना. अकिवाटे, तुम्ही सांगा. तुम्ही जाणकार आहात. एकदा रक्ताला सोकावलं की सुटतं का हे? पुस्तक काय म्हणतं?"

त्यांचा आवाज मऊ होता. ते खरोखरच विचारत होते. मी "सुटतं" म्हटलं असतं, तर त्यांनी पोतं उघडलं असतं.

"सोनीला सोडलंत तिथंच सोडा," मी म्हणालो.

आयुष्यात मी कुणाला ठेवून दिलेलं ते एकच वाक्य. बोलताना आवाजही कापला नाही. मग त्यांनी चेलनाची बोटं एकेक करून सदऱ्यावरून सोडवली, स्कूटरला पोतं अडकवलं आणि गेले.

दिवस मावळायच्या आधी चेलना वाचनालयात माझ्याकडे आली. रडून झालं होतं. हातात कंपासपेटी. तिनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, सुरकुत्या नीट केल्या.

"अण्णा आजोबा, यात लिहिलंय ती शिकार करत नाही."

"हो."

"पुस्तक तर चुकत नाही ना?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"मग माझंच काहीतरी चुकलं का? मी तिला पोटभर देत नव्हते का? परीक्षेच्या वेळी दोनतीनदा विसरले होते मी दूध. म्हणून ती तशी झाली?"

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या मागच्या कपाटावर ते पुस्तक होतं, सुतळीनं बांधलेलंच. एक शब्द खरा बोललो असतो, तर साहेबांना कळलं असतं, वहिनींना, मंदिरात सगळ्यांना कळलं असतं. दाण्यांचंही कळलं असतं.

"असेल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, कार्ड परत पेटीत ठेवलं आणि गेली. महिन्याभरानं तिची आई तिला पुण्याला घेऊन गेली.

पारण्याच्या पुढचा दिवस क्षमावणीचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पत्र आलं. साहेब दर वर्षी छापील कार्ड पाठवत, 'काया-वाचा-मने काही चूक घडली असल्यास' वगैरे. त्या छापील वाक्यात कुणालाही आपली चूक लिहावी लागत नाही. या वेळी छापील काही नव्हतं.

'भूपालराव, सोनीला मीच सोडून आलो. वहिनी दवाखान्यात असताना. त्या घरी आल्यावर आठ महिने हाक मारत होत्या, ती मला भिंतीपलीकडे रोज ऐकू येत होती. मी एकदाही सांगितलं नाही. काल पोतं फिरवताना हात थांबले, पण फिरवलं. क्षमा असावी. देवगोंडा.'

मी ते पुष्कळदा वाचलं. त्यांनी काही लपवलं नव्हतं, आणि म्हणूनच मला उत्तर देता येईना. 'क्षमा केली' एवढं लिहून भागत नाही. खाली स्वतःची मागावी लागते, आणि समोरच्यानं नाव घेऊन मागितल्यावर मला छापील वाक्य लिहिता येत नव्हतं. हिंसा तीन वाटांनी होते असं आपण लहानपणापासून ऐकतो: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, होताना मनातून बरं वाटणं. साहेबांनी आयुष्यात एक मांजर नदीपलीकडे नेलं होतं, मग दुसरं. मी पाखरांना रोज हाका मारून बोलावलं होतं, आणि तेही राजमतीच्या नावानं. शिवाय ती मुलगी.

चारपाच वर्षांनी साहेब आणि वहिनी लेकीकडे पुण्याला राहायला गेले. जाताना साहेब भिंतीशी आले. "येतो, भूपालराव," म्हणाले. मी "नमस्कार साहेब" म्हणालो.

या वर्षी पर्युषण संपता संपता सुलोचनावहिनींचा फोन आला. त्या आता ऐंशीच्या आहेत, साहेब त्र्याऐंशीचे. दम्याचं, गुडघ्याचं बोलून झालं. मग म्हणाल्या, "चेलनाची मुलगी पाच वर्षांची झाली. तिला मांजर पाहिजे म्हणून हट्ट धरलाय. जावई म्हणतात, ते निळं आणू, शांत असतं. पण चेलना ऐकत नाही."

"का?"

"काय सांगू, अण्णा. म्हणते, माझ्या हाताखाली मांजर बिघडतं. पोरीसमोर नको. एवढी शिकलेली मुलगी, बँकेत मॅनेजर, पण हे काही तिच्या डोक्यातून जात नाही. घरात कुंडीतलं रोपसुद्धा दुसऱ्याला पाणी घालायला लावते. तुम्ही पुस्तकातलं काही सांगून बघा की तिला. तुमचं ऐकेल ती."

मी फोन ठेवला. सकाळची वेळ होती. टेबलाशी बसलो ते दुपारी उठलो. पहिले तीन कागद फाडले. त्यांत मी स्वतःला फार वाईट म्हटलं होतं, आणि तीही एक पळवाटच. दूधभातावर वाढलेलं कुठलंही मांजर पाखरावर गेलं असतं, निळंही गेलं असतं, असंही एकदा लिहिलं. खरंही असेल. खोडलं. चौथा कागद ठेवला.

'मगदूम साहेबांस,
तुमचं पत्र पोचलं होतं. तुम्हाला क्षमा केली असं मी लिहू शकत नाही. राजमतीची हाक मीही ऐकली आहे. तो शब्द आला तर वेगळा कळवीन. माझं मागायचं आहे ते त्यासाठी थांबवत नाही.
मी कार्डावर मुद्दाम उलटं लिहिलं. शांत मांजर निळं होतं, आणि ते मला माहीत होतं. पाखरांना दाणे मी केशरसाठी घातले. वहिनींचा अकरावा उपास माझ्यामुळे घडला. तुम्ही फाटकाशी विचारलंत तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.
चेलनाला हे वाचायला द्या. तिनं विचारलं होतं, माझं चुकलं का. तिला सांगा, तिचं काहीही चुकलं नव्हतं. दूध दोनतीनदा विसरणं ही चूक नव्हे. चूक पुस्तकाचीही नव्हती. मी खोटं बोललो, कारण मला भीती वाटली.
क्षमा असावी.
भूपाल अकिवाटे'

वहिनींनी सांगितलेला पुण्याचा पत्ता घातला. चष्मा पुसून पुन्हा वाचून पाहिला. काठी घेऊन पोस्टापर्यंत चालत गेलो. वाटेत दोन ठिकाणी परत फिरावंसं वाटलं आणि एका ठिकाणी मी फिरलोही, वीसेक पावलं. आता क्षमा सगळे मोबाईलवर मागतात, पेटीत काही नसावं. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज आला.